पात्याची रुंदी

चामडं आडवं चिरून त्याचे दोन पातळ थर करणारं स्प्लिटिंग मशीन घ्यायचं ठरलं तेव्हा आम्ही पाच जण होतो. बॅगा करणारी मी, बूट करणारे काका, घोड्यांची जिनं शिवणारा एक जण, पुस्तकबांधणीवाली मैत्रीण आणि घड्याळाचे पट्टे करणारा, वयाने सगळ्यात लहान. एकट्याला झेपणारी वस्तू नव्हतीच ती. चामडं येतं साडेतीन मिलिमीटर जाड आणि पाकिटाच्या आतल्या कप्प्याला एक मिलिमीटरही जड होतं. रापीने कडा तासता येतात, पण अख्खा तुकडा सारखा पातळ करायला जा, मनगट तर जातंच आणि मध्ये कुठेतरी खड्डा पडतोच.

वर्गणीवरून वाजणार असं वाटलं होतं, तसं काही झालं नाही. पट्टेवाल्याचं काम चिमूटभर, म्हणून त्याचा वाटा अर्धा. बाकी चौघांचे सारखे. पाती, सहाणी आणि वीज यांचा खर्च तासांप्रमाणे. दाराला वही टांगली: नाव, सुरू, बंद. बारभाई कारभार होणार म्हणून ज्यांनी नाकं मुरडली होती त्यांना मी ती वही कौतुकाने दाखवायचे.

त्या दिवशी मला बॅगेचे २२ तुकडे ३.२ वरून १.४ मिलिमीटरवर आणायचे होते. माल दुसऱ्या दिवशी द्यायचा. पहिलाच तुकडा बाहेर आला, उलटा केला, तर मांसाच्या, म्हणजे आतल्या बाजूला आडव्या रेघा. बोट फिरवलं की लागतील अशा, उंचवट्याच्या, साधारण चार बोटांवर एक. अस्तराखाली जातील म्हणून सोडायची सोय नव्हती. एवढ्या पातळ चामड्यावर असा उंचवटा चिकटवून दाबला की वरून उमटतो.

चामडं आत ओढणाऱ्या रोलरला काही चिकटलं असेल तर रोलरच्या दर फेऱ्याला खूण उठते. पात्याला खाच असली तरी तेच. आमचं पातं म्हणजे दोन चाकांवर फिरणारा पोलादी पट्टा, खाच दर फेरीला परत येते. दोन्ही खुणा दिसायला सारख्याच. मग एका टाकाऊ पट्टीवर चामडं ओढण्याचा वेग निम्मा केला. रोलरचा दोष असता तर रेघांमधलं अंतर तेच राहिलं असतं. ते निम्मं झालं. म्हणजे पातंच.

वहीत माझ्या आधीचं नाव पट्टेवाल्याचं. डोकं तापलंच होतं, लगेच फोन लावला. काय बोलले ते सगळं लिहीत नाही. "मशीन सगळ्यांचं आहे, पोरखेळ नाही," एवढं नक्की म्हणाले. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "ताई, मी लावलं तेव्हाही एक रेघ येत होती. मला वाटलं असंच असतं. माझा तुकडा केवढासा, एकच रेघ यायची, तेवढा भाग मी कापून टाकायचो."

त्याच्या आधीचं नाव माझं होतं. पंधरा मिनिटं. जुन्या सोफ्याचं चामडं.

स्प्लिटचा खालचा थर मी फेकत नाही, आतल्या पट्ट्यांना उपयोगी पडतो. सोफ्याच्या थराची गुंडाळी फळीवर तशीच होती. उलगडून दिव्यापुढे धरली. एका कोपऱ्यात सोफ्याच्या पिनेचा तुटका पाय रुतलेला, तांदळाच्या कणीएवढा. बाकी गंजलेला, फक्त वरचं कापलेलं तोंड आरशासारखं चकचकीत. तो चकचकीतपणा आमच्या पात्याने दिलेला.

पट्टेवाल्याला परत फोन केला. तो फोन पहिल्यापेक्षा अवघड गेला.

मग काकांना बोलावलं. खाच जाईपर्यंत सहाणीवर पातं घासत बसलो. हे मशीन चालताना स्वतःची धार स्वतः लावत असतं, त्यामुळे पातं रोज थोडं झिजतंच, अरुंद होत जातं आणि धार रोलरच्या मध्यापर्यंत पोचावी म्हणून त्याला पुढे सारावं लागतं. पण इथे खाचेच्या बुडापर्यंत सगळीच धार मागे न्यायची होती. काकांनी आधी आणि नंतर व्हर्नियरने, म्हणजे जबड्याच्या मोजपट्टीने, रुंदी मोजली. अडीच मिलिमीटर गेले. "एरवी एवढं झिजायला कितीतरी महिने लागतात गं," एवढंच म्हणाले. वहीच्या हिशोबाने माझ्याकडे निघत होती पंधरा मिनिटं.

तासांचा हिशोब किती फसवा होता ते तेव्हा कळलं. जिनवाला तासभर मऊ स्वच्छ चामडं चालवतो, मी पाव तासात पात्याचा एवढा घास घेते आणि वहीत त्याचे पैसे माझ्या चौपट. त्याच रात्री वहीत नवा रकाना आखला: पात्याची रुंदी, आधी आणि नंतर. पहिली नोंद माझी, अडीच मिलिमीटर, खर्च एकटीचा. व्हर्नियर दोरीने वहीलाच बांधून टाकला. जुनं चामडं आणणाऱ्याने आधी त्यावरून लोहचुंबक फिरवायचं, हेही लिहिलं.

माझे २२ तुकडे पहाटे झाले. माल एक दिवस उशिरा गेला.

सकाळी पट्टेवाला आला, काही न बोलता व्हर्नियर उघडून रुंदी मोजली, लिहिली. मग सोफ्याच्या गुंडाळीकडे बघून म्हणाला, "ताई, यातलं थोडं मला द्याल? पिना मी काढून घेतो."