पटावरची पोरं, पंगतीतली पोरं

कपाट आवरताना दोनशे पानी वही सापडली. वर लेबल नाही, आत पेन्सिलीनं माझंच अक्षर. "३ मे – ११. ४ मे – ९. ६, ७ – मतदान, नाही. ८ मे – १४." साल २०२४. सुट्टीतल्या खिचडीची ही माझी खाजगी वही. सरकारी नोंद वेगळी होती, तीही मीच करत होते. दोन्हींत फरक का पडला, ते सांगायला आता हरकत नाही. निवृत्त होऊन बरेच महिने झालेत.

माझी शाळा हातकणंगले तालुक्यातली, डोंगराच्या अंगाला. पहिली ते सातवी, पट १०४. मी कोल्हापुरातून रोज जाऊन-येऊन करायची. शेवटची काही वर्षं मुख्याध्यापकाचा प्रभार माझ्याकडं होता. प्रभार म्हणजे पगार शिक्षकाचा आणि सह्या मुख्याध्यापकाच्या.

२०२३ चा पावसाळा दगा देऊन गेला आणि ऑक्टोबरअखेर राज्यानं चाळीस तालुके दुष्काळी जाहीर केले. कोल्हापूर जिल्ह्यातले दोनच, हातकणंगले आणि गडहिंग्लज. हातकणंगले म्हटल्यावर लोक हसायचे. अर्ध्या तालुक्यात ऊस उभा आणि दुष्काळ कसला? पण तालुका म्हणजे काही एकच रान नव्हे. आमच्याकडं फेब्रुवारीतच विहिरींचा तळ दिसला होता. दुष्काळी तालुक्यात उन्हाळी सुट्टीतही मुलांना दुपारचं जेवण द्यायचं, हा नियम जुना आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००४ साली तसा आदेश दिला होता. तो आमच्या दारात यायला वीस वर्षं लागली, कारण त्याआधी मी होते त्या शाळांवर तशी वेळच आली नव्हती.

पत्र आलं तेव्हा आम्ही सगळे निवडणुकीच्या प्रशिक्षणात. मी गावात दवंडी द्यावी तसं सांगत फिरले. एका आईनं दारातच विचारलं, "सुट्टीत पण शाळा काय बाई?"

"शाळा न्हाई, नुसतं जेवण."

"नुसतं जेवायला पाठवायचं व्हय? आमच्या घरात काय चूल पेटत न्हाई?"

११ आणि ९ हे आकडे याच वाक्यातून आलेत, हे कळायला मला आठवडा गेला. घरात काही नसलं तरी पोरगं दप्तराशिवाय ताटली घेऊन गल्लीतून जाताना चारचौघांना दिसतं. शाळा चालू असते तेव्हा जेवणाला शाळेची आड असते. ती आड काढली की उरतं ते अन्नछत्र. मग मी चिंचेखाली तासभर गोष्टी आणि कोडी सुरू केली आणि निरोप धाडला की "वाचनवर्ग आहे, दप्तर आणा." २० मेपर्यंत आकडा ३१ वर गेला. खिचडी तीच, तांदूळ तोच.

आता पैशाचं सांगते, कारण इथं बाहेरच्या माणसाला काही दिसतच नाही.

शाळेतल्या या पोषण आहार योजनेत तांदूळ केंद्राचा. पहिली ते पाचवीच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम, सहावीपासून १५० ग्रॅम. डाळ २० आणि ३० ग्रॅम, भाजी ५० आणि ७५. शिजवण्याच्या साहित्याचा दर त्या मेमध्ये लहान गटाला ५ रुपये ४५ पैसे, मोठ्याला ८ रुपये १७ पैसे. त्यात केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. (पुढं डिसेंबरात तो ६.१९ आणि ९.२९ झाला.) पण हे सगळे पैसे शाळेच्या हातात येत नाहीत. डाळ, तेल, मसाला ठेकेदार पोचवतो, त्याचा वाटा त्याच्याकडं. इंधन आणि भाजीपाल्यासाठी शाळेकडं लहान मुलामागं पडतात दोन रुपयांच्या आगेमागे. आणि तेही किती? जेवढी ताटं उठली, तेवढ्यांचेच.

११ मुलं म्हणजे बावीस-तेवीस रुपये. त्यात गॅस आणि भाजी. १०४ मुलांचं पातेलं उकळायला लागतो त्याच्या एक दशांश गॅस अकरा मुलांच्या पातेल्याला लागतो, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा शेगडीपुढं बसावं. भाजीचं म्हणाल तर एक कोथिंबिरीची पेंडी आणि चार टोमॅटो. गवार, वांगी यांची नावं काढायची नाहीत. मोठ्या पटाची शाळा यात कशीबशी तरते, लहान शाळा दरमहा बुडते. मग तो खड्डा कोण भरतं, हे जिल्ह्यातल्या कुठल्याही मुख्याध्यापकाच्या बायकोला किंवा नवऱ्याला विचारा.

आमच्या पटाला तीन स्वयंपाकी मदतनीस. पंचविसापर्यंत एक, शंभरापर्यंत दोन, पुढच्या शंभराला आणखी एक, असा हिशेब. मेमध्ये त्यातल्या दोघी गावाला गेल्या, राहिल्या एकट्या मावशी. मानधन तेव्हा महिना अडीच हजार आणि तेही वर्षाचे दहा महिने. पहिल्याच दिवशी तांदूळ निवडता निवडता त्या म्हणाल्या, "बाई, दहा म्हयन्यात ह्यो म्हयना धरत्यात का सोडत्यात?" मी म्हटलं, विचारते. विचारलंही. उत्तराची वाट बघता बघता सुट्टी संपली.

माझी भाची टेक्सासमध्ये असते. तिला फोनवर हे रडगाणं ऐकवलं तर ती म्हणाली, "मावशी, आमच्या लायब्ररीत पण असंच देतात उन्हाळ्यात." मला खोटंच वाटलं. अमेरिकेत पोरांना फुकट जेवण कशाला? पण तिनं नीट सांगितलं आणि मी दोन रात्री जागून वाचलं. तिथंही उन्हाळ्याच्या जेवणाची केंद्राची योजना आहे. ज्या भागातली निम्मी मुलं शाळेत मोफत किंवा सवलतीच्या जेवणाला पात्र आहेत, त्या भागात खुलं केंद्र उघडता येतं. म्हणजे आमचा जसा दुष्काळी तालुका, तसा त्यांचा गरजू भाग. रेघेच्या आत असलात तर जेवण, पलीकडं असलात तर तुमचं नशीब. आमच्या शिवेला लागून करवीरमधली वाडी होती. तिथली पोरं कुंपणावर बसून आमची पंगत बघायची.

पैसेही तिथं वाढलेल्या जेवणामागंच मिळतात. चाळीस केली आणि पंचवीस उठली तर हिशेब पंचविसाचा. पण एक गोष्ट त्यांनी शहाणपणानं केली आहे. खेड्यातल्या किंवा स्वतः शिजवणाऱ्या केंद्राला दर थोडा जास्त आहे. लहान पातेल्याला गॅस तेवढाच लागतो, हे कुणाच्या तरी लक्षात आलं असणार.

बसूनच खायचं, घरी न्यायचं नाही, हा नियमही तिकडं होता. आई शेजारी बसली तरी तिला घास नाही. २०२२ च्या डिसेंबरात कायदा बदलला, आता खेड्यापाड्यात जेवण घरी नेता येतं. शिवाय २०२४ पासून गरीब मुलामागं उन्हाळ्यात महिना ४० डॉलर, तीन महिन्यांचे १२० डॉलर कार्डवर. कार्डवरचे पैसे पूर्ण केंद्राचे, ते वाटण्याचा कारभारखर्च मात्र निम्मा राज्याचा. काही राज्यांनी ते घेतलंच नाही आणि भाचीचं टेक्सास त्यातलंच. वाचून मला आमच्या साठ-चाळीसची आठवण झाली. पत्र्यावर पावसाचा आवाज सगळीकडं सारखाच.

घरी न्यायच्या धान्याचं मला नवल नव्हतं. आपली ही योजना १५ ऑगस्ट १९९५ ला निघाली तेव्हा मी नोकरीत नवी होते. तेव्हा शिजवायचं काही नव्हतं. महिन्याला ८० टक्के हजेरी असेल तर मुलाला ३ किलो तांदूळ. यादी आम्ही करायची. भांगलणीच्या दिवसांत एक पोरगी ७८ टक्क्यांवर अडली. आई पिशवी घेऊन आली आणि रिकामी घेऊन गेली. नव्या नोकरीची भीती मोठी असते. आज असती तर मी एखादा दिवस कुठूनही काढला असता. ज्या मातीत शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, पोरं न पाठवणाऱ्या पालकाला महिना रुपया दंड ठेवला, त्याच मातीत मी पोरीला दोन टक्क्यांनी तांदूळ नाकारला. दंड परवडला. पुढं २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलंच अन्न द्या म्हणून आदेश दिला, आणि हजेरीच्या टक्क्यातून आमची सुटका झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं तर तो मुलांचा हक्कच झाला. पण आठवीपर्यंत.

या "आठवीपर्यंत"पाशीच माझ्या दोन वह्या झाल्या.

२० मेनंतर एका घरातली चार भावंडं यायला लागली. दुसरीतला आणि पाचवीतली आमच्या पटावरची. धाकटं साडेतीन वर्षांचं, बहिणीच्या कडेवर. ते अंगणवाडीचं, त्याचा आहार वेगळ्या खात्याचा. आणि थोरली नुकतीच आठवी संपवून नववीत गेलेली, म्हणजे कायद्यानं पोट भरलेली. ती पोरांना सोडायला यायची आणि पंगत उठेपर्यंत दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची. तिसऱ्या दिवशी मावशींनी मला न विचारता तिच्या हातात ताटली दिली. वर म्हणाल्या, "वाढाय लाव की तिला. वाढणाऱ्यानं खाल्लं तर कुणाच्या बापाचं काय जातंय?"

मुठीनं घेतलेला तांदूळ मापात दिसत नाही, पण साठ्याच्या नोंदीला ग्रॅमही दिसतो. म्हणून मी गावातल्या दूध संस्थेच्या चेअरमनना गाठलं. त्यांनी दहा किलो तांदूळ, शेंगदाणे आणि एक गुळाची ढेप दिली. त्याची पावती फाडून मी वेगळं पान काढलं, वर लिहिलं: लोकसहभाग. थोरलीचं ताट, धाकट्याची वाटी आणि कुंपणावरून आत आलेली करवीरची दोन पोरं, सगळी त्या पानावर.

महिनाअखेर एक साहेब भेटीला आले. चव बघितली, चव नोंदवहीवर सही केली, काचेच्या बरणीतला नमुना बघितला. मग ताटं मोजली. "ॲपवर ३१ दिसतायत. इथं ३५ बसलेत. हे चार कोण?"

"लोकसहभाग, साहेब."

ते माझ्याकडं बघत राहिले. मग थोरलीकडं बघितलं. ती झारा घेऊन उभी होती, खाली मान घालून. साहेब म्हणाले, "बरं." आणि गुळाचा खडा तोंडात टाकून गेले. माणूस बरा होता. वाईट असता तरी पावती होती.

त्या पावतीचा मला फार अभिमान होता. तो जानेवारीपर्यंत टिकला.

त्याआधीच्या हंगामात शासनानं आठवड्याला एक अंडं सुरू केलं होतं, न खाणाऱ्याला केळं. अंड्याच्या दिवशी हजेरी वाढायची, हे सांगायला अभ्यास लागत नाही. २८ जानेवारी २०२५ च्या शासन निर्णयात पाककृतींची नवी यादी आली. त्यात अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक. त्यासाठी वेगळा निधी नाही. अंडी, साखर हवी असेल तर शाळा व्यवस्थापन समितीनं मिळवायची. कशातून? लोकसहभागातून.

तो शब्द वाचून मी चष्मा काढून पुसला. माझ्या वहीत तो शब्द चार ताटांसाठी काढलेली खिडकी होता. इथं त्याच शब्दानं दार लावून घेतलं होतं.

पुन्हा चेअरमनकडं गेले. ते संस्थेच्या ओट्यावर फॅट लावणाऱ्या पोराला काहीतरी सांगत होते. माझं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मेमध्ये गूळ दिला न्हवं? आता अंडी पण? दर आठवड्याला १०४ अंडी म्हणजे माझ्या सभासदांचा बोनस घालवतासा." तरी शुक्रवारी त्यांनी दोन ट्रे धाडले. साठ अंडी. सोबत निरोप, "एवढंच जमतंय, भांडू नका."

मावशींनी ती उकडून सोलली, शिवणाच्या डब्यातला दोरा धुऊन घेतला आणि दोऱ्यानं एकेक अंडं मधोमध कापत बसल्या. सुरीनं पिवळं चिकटतं म्हणून. पोरं रांगेत उभी राहून बघत होती, एकानंही कुणाचं मोठं कुणाचं लहान केलं नाही. नोंद करताना रकान्यापुढं मी बराच वेळ पेन धरून बसले. मग लिहिलं: अंडी – निम्मी, लाभार्थी – १०४.