हर्गचे दोन बँड आणि मधला तोतया

हर्ग हे हृदयातलं पोटॅशियम चॅनल, म्हणजे पेशीच्या पटलातून पोटॅशियम जाऊ देणारं प्रथिन. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायची पद्धत) त्याचे दोन बँड, म्हणजे पट्टे, दिसायला हवेत. साखरेची साखळी अर्धवट चढलेलं, पेशीच्या आतच असलेलं प्रथिन १३५ किलोडाल्टनजवळ (हे प्रथिनाच्या वजनाचं एकक). पूर्ण तयार होऊन पेशीच्या पटलावर पोचलेलं १५५ जवळ. मी हर्गला चिकटणारी नवी अँटिबॉडी लावली आणि मिळाला एकच ठसठशीत बँड. ७० जवळ!

प्रथिन तुटलं असेल, अशी मनाची समजूत घातली. मग पेप्टाइड ब्लॉकिंग केलं: हर्गच्या ज्या छोट्या तुकड्यावर, म्हणजे पेप्टाइडवर, अँटिबॉडी बनवली होती, तेच तिच्यात आधी मिसळून ब्लॉट लावला. बँड गायब. मी खूश. मीटिंगमध्ये फोटो दाखवला, तर मॅडमनी एवढंच विचारलं, "रिकाम्या पेशींची लेन कुठेय?"

नव्हतीच. हेक-२९३ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींत हर्ग जवळपास नसतं, म्हणून तर आपण त्यात प्लास्मिड, म्हणजे हर्गचं जनुक असलेलं डीएनएचं वेटोळं, घालतो. प्लास्मिड न घातलेल्या, म्हणजे रिकाम्या पेशी जेलच्या वेगळ्या रांगेत, म्हणजे लेनमध्ये, चालवल्या. ७० चा बँड तिथेही, तितकाच गडद. म्हणजे अँटिबॉडी भलत्याच प्रथिनाला चिकटत होती. पण चिकटत होती हर्ग धरण्याच्याच जागेने, आणि पेप्टाइडने ती जागा भरली की तोतयाही सुटतो. हे आधी सुचायला हवं होतं.

खरे बँड मात्र अजून बेपत्ता. जुने फोटो पुन्हा काढून पाहिले, तर प्लास्मिडच्या लेनमध्ये अगदी वर, विहिरीच्या (जेलमधल्या नमुना भरायच्या खाचेच्या) तोंडाशीच काळपट डाग. सवयीने मी नमुने ९५ अंशांवर पाच मिनिटं उकळत होते. हर्गचा प्रत्येक उपघटक पटलातून सहा वेळा आरपार जातो; असली तेलकट प्रथिनं उकळली की एकमेकांना चिकटून गोळा होतात आणि जेलमध्ये शिरतच नाहीत. उकळणं बंद केलं, नमुने ३७ अंशांवर अर्धा तास ठेवले. ट्रान्सफर, म्हणजे जेलमधली प्रथिनं ब्लॉटच्या पडद्यावर उतरवणं, कोल्ड रूममध्ये रात्रभर, ३० व्होल्टवर.

सकाळी दोन बँड. रिकाम्या लेनमध्ये त्या जागी काही नाही.

तरी एकदा हात पोळला होता, म्हणून एंडो-एच हे अर्धवट चढलेली साखर कापणारं एन्झाइम लावलं. खालचा बँड घसरला, वरचा जागचा हलला नाही. त्यावरची साखर या एन्झाइमला कापता येत नाही. मग हर्गचं जी६०१एस हे म्युटेशन (जनुकातला बदल) घेतलं. ३७ अंशांवर त्याचा जवळपास फक्त खालचा बँड, कारण प्रथिन आतच अडकतं. त्याच पेशी २७ अंशांवर ठेवल्या, तर दुसऱ्या दिवशी १५५ ला फिकट रेघ उमटली. ती पाहायला मी एक्सपोजर तीनदा वाढवलं.

अँटिबॉडी अजून तीच वापरते. ७० चा बँडही अजून येतो. पहिल्या फोटोत त्याच्याकडे बाण काढून मी "हर्ग" लिहिलं होतं. ते खोडून पुढे तारीख टाकली आहे.