तुम्ही विचारलंत म्हणून : दातांवरचे पट्टे

"मॅडम, तुमचे दात असे कशामुळे?" शाळेतली मुलं हे थेट विचारायची. मोठी माणसं वळसा घेतात. "तुमच्याकडचं पाणी बोअरचं का?" नाहीतर, "पूर्वी मिसरी लावायचात का?" अलीकडे त्याला जोडून दुसरा प्रश्न येतो, तो बहुतेक तरुण आयांचा असतो: "मग आमच्या बाळाला अँटिबायोटिक दिलं, तर त्याचेही असे होतील का?" तुम्ही विचारलंत म्हणून दोन्हींची उत्तरं नीट लिहिते.

माझ्या पुढच्या दातांवर करड्या-तपकिरी रंगाचे आडवे पट्टे आहेत. एक दाताच्या साधारण मधोमध, दुसरा हिरडीला लागून. हेच पट्टे सुळ्यांवर जरा खाली, टोकाच्या बाजूला सरकलेले दिसतात. मागच्या दाढांवर करडेपणा नाही, तिथे नुसता पिवळा रंग आहे. हा मळ नाही, मिसरी नाही आणि पाणीही नाही. मी लहान असताना मला टेट्रासायक्लिन नावाचं अँटिबायोटिक दिलं होतं, त्याचा हा रंग आहे.

माझा जन्म 1966 चा. लहानपणी छाती सारखी भरायची आणि दोनदा निमोनियापर्यंत गेलं. तालुक्याच्या गावी जे डॉक्टर होते त्यांनी तेव्हा हाताशी असलेलं चांगलं औषध दिलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं रोज टोचून घ्यायला दवाखान्यात जावं लागे. टेट्रासायक्लिन तोंडाने घेता येई आणि कितीतरी प्रकारच्या जंतूंवर चाले. मी वाचले ती त्या औषधाने, हे मी आधी सांगते, कारण पुढचं सगळं ऐकून लोक औषधालाच शिव्या देतात.

रसायनशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, म्हणून हे कसं घडतं ते सांगायला मला मनापासून आवडतं. टेट्रासायक्लिनच्या रेणूला कॅल्शियमची ओढ असते. (गोळी दुधाबरोबर घेऊ नका म्हणतात ते याचसाठी, दुधातलं कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं.) रक्तातून हा रेणू अशा जागी पोचला जिथे त्या घडीला कॅल्शियम आणि फॉस्फेट साठून दात घट्ट होतोय, तर तो त्यांच्याबरोबर तिथेच बांधला जातो. आतल्या डेंटिनमध्ये जास्त, वरच्या इनॅमलमध्ये कमी. हाडातही असाच बसतो, पण हाड आयुष्यभर मोडत आणि नव्याने घडत राहतं. दाताचं तसं नाही. एकदा घडला की घडला. सोलापुरी चादरीत सुतालाच रंग दिलेला असतो, ती कितीही धुतली तरी नक्षी जात नाही, तसंच हे आहे.

दात उगवतो तेव्हा हा रंग पिवळा असतो आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली चमकतो. पुढे वर्षानुवर्षं उजेड लागून त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि तो करडा, तपकिरी होत जातो. म्हणून ओठांआडून सतत डोकावणारे पुढचे दात काळवंडतात आणि अंधारातल्या दाढा पिवळ्याच राहतात.

आणि पट्टेच का? दात टोकाकडून हिरडीकडे घडत जातो. औषधाचे जेवढे कोर्स, तेवढे थर. माझा मधला पट्टा अडीच-तीन वर्षांच्या वयाचा असणार, हिरडीजवळचा चौथ्या वर्षाच्या आसपासचा. सुळे उशिरा पुरे होतात, म्हणून त्याच आजारपणाची खूण तिथे टोकाजवळ उमटते. ज्या दुखण्यांची मला स्वतःला काहीच आठवण नाही, ती कधी येऊन गेली ते आरशात वाचता येतं. याचं मला आजही नवल वाटतं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण माझा राग तिथे आहे. या कुळातलं पहिलं औषध, क्लोरटेट्रासायक्लिन, 1948 मध्ये अमेरिकेत जाहीर झालं. ते मातीतल्या सूक्ष्मजीवातून बेंजामिन डग्गर यांनी शोधलं, आणि ज्या लेडर्ली प्रयोगशाळेत शोधलं तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते भीमावरममध्ये जन्मलेले आपले यल्लाप्रगडा सुब्बाराव. हे मी प्रत्येक वर्गाला अभिमानाने सांगितलं आहे. 1956 मध्ये, दीर्घकाळ हे औषध घेणाऱ्या मुलांच्या दातांचा रंग बदलल्याची नोंद प्रसिद्ध झाली. 1963 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांबाबत इशारा दिला. माझ्या हातात औषध पडलं ते त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. औषध समुद्र ओलांडून आमच्या गावापर्यंत आलं, इशारा मात्र मागेच राहिला. भारतात टेट्रासायक्लिनची तोंडाने घ्यायची पातळ औषधं पुढे बंदीच्या यादीत गेली, पण तोवर माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांचे दात घडून झाले होते.

याचा भार उचलला तो माझ्या आईने. कॉलेजात असताना एका दंतवैद्यांनी दात बघताक्षणी विचारलं, "लहानपणी टेट्रासायक्लिन दिलं होतं का?" तोवर घरात सगळे मलाच बोलायचे, की ही दात घासत नाही. राखुंडी झाली, मीठ झालं, कोळसा झाला, लिंबू-सोडा झाला. यातलं काहीही आत बसलेल्या रंगापर्यंत पोचत नाही. उलट कोळशाने इनॅमल झिजतं आणि लिंबाच्या आम्लाने विरघळतं, मग खालचं पिवळं डेंटिन आणखी उठून दिसतं. कृपा करून मुलांवर हे प्रयोग करू नका. खरं कारण कळल्यावर बोलणी माझ्यावरून आईवर गेली. मला बघायला येणार असले की मावशी बजावायची, "ओठ मिटून हस गं." आणि स्वयंपाकघरात आई पोह्यांवर कोथिंबीर पेरता पेरता रडायची. तापाने फणफणलेलं पोर मांडीवर घेऊन रात्र रात्र बसलेल्या बाईने औषध पाजलं, यात तिचा काय गुन्हा? त्या डॉक्टरांनाही मी दोष देत नाही. पण ज्यांना माहीत होतं आणि ज्यांनी ते खालपर्यंत पोचवलं नाही, त्यांना देते.

आता तुमच्या बाळाचं. "अँटिबायोटिकने दात खराब होतात" हे वाक्य फार सैल आहे. दाताच्या आत असा रंग बसवण्यासाठी टेट्रासायक्लिनचं कुळ प्रसिद्ध आहे, आणि तेही दात घडण्याच्या काळातच: पोटातल्या बाळाच्या साधारण चौथ्या महिन्यापासून ते आठव्या वर्षापर्यंत. गरोदरपणात घेतलं तर दुधाचे दात रंगतात, पुढे घेतलं तर कायमचे. दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल, तर कुठल्याही डॉक्टरांना ते पहिल्याच वाक्यात सांगा.

बाळांना सर्रास दिल्या जाणाऱ्या अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाच्या पातळ औषधाने कधी कधी दातांवर पिवळट-तपकिरी थर येतो. तो वरवरचा असतो, दंतवैद्याकडे साफ होतो. लोहाच्या थेंबांनी काळे डाग पडतात, तेही वरवरचेच. लहानपणीचं अमॉक्सिसिलिन आणि इनॅमलमधले दोष यांचा संबंध आहे का यावर संशोधकांचा वाद चालू आहे, कारण ज्या तापांसाठी ते देतात त्या तापांनीही इनॅमल बिघडू शकतं. कान फुटलेल्या मुलाचं औषध यासाठी थांबवावं असं त्यात काही नाही.

डॉक्सिसायक्लिनबद्दल मात्र मला आवर्जून बोलायचं आहे, कारण ते याच कुळातलं आणि आता भीती उलट्या बाजूने नडते. ते कॅल्शियमला कमी धरतं. अमेरिकेतल्या ज्या मुलांना आठव्या वर्षाच्या आत गोचिडीच्या तापासाठी ते दिलं होतं, त्यांचे दात पुढे तपासले तेव्हा असे डाग सापडले नाहीत. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्ये 21 दिवसांपर्यंतचा कोर्स कुठल्याही वयात चालेल असं म्हटलं. त्याच 2018 साली नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसने माणसं दगावली. गवतातल्या बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या या तापावर डॉक्सिसायक्लिन हेच मुख्य औषध आहे, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांत ते मुलांसाठीही सांगितलं आहे. डॉक्टरांनी या तापासाठी ते लिहून दिलं तर दातांच्या धास्तीने घरी ठेवून देऊ नका. उशीर जिवावर बेततो. पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप येऊ नये म्हणून याच औषधाची जी गोळी देतात, तिथे लहान मुलांना आणि गरोदर बायकांना बहुधा अझिथ्रोमायसिन देतात. ती निवड डॉक्टरांना करू द्या. शेजारच्या घरातली उरलेली स्ट्रिप मुलाला देणं मात्र कुठल्याच परिस्थितीत नको.

मोठ्या माणसांच्या दातांना या कुळातलं मुख्यतः एक औषध त्रास देतं. मुरुमांसाठी महिनोन्महिने मिनोसायक्लिन घेणाऱ्या काहींचे पूर्ण वाढलेले दातही निळसर-करडे होतात.

आणि पाण्याचं विचारता, तर ती शंका अगदीच वावगी नाही. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड भागांत बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडने दातांवर खडूसारखे पांढरे आणि पुढे तपकिरी होणारे डाग पडतात. पण ते अख्ख्या वस्तीतल्या मुलांत दिसतात. माझ्यासारखे पट्टे ज्या मुलाला औषध दिलं त्यालाच असतात, भावंडं कोरी सुटू शकतात. माझा धाकटा भाऊ तसाच सुटला.

उपाय आहेत. पिवळी छटा असेल तर दंतवैद्याच्या देखरेखीखाली ब्लीचिंगने बराच फरक पडतो, पण साध्या डागांना जिथे दोन-तीन आठवडे पुरतात तिथे या रंगाला कित्येक महिने लागतात. गडद करडे पट्टे, त्यातही हिरडीजवळचे, सर्वांत हट्टी. त्यावर व्हिनिअर (दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचा पातळ पापुद्रा) किंवा कॅप बसवतात. खर्च मोठा, आणि त्यासाठी दात थोडा तासावा लागतो, जो परत येत नाही. मी पन्नाशीनंतर नुसतं ब्लीचिंग केलं. मधला पट्टा बराच फिकट झाला, हिरडीजवळचा जवळजवळ होता तसाच आहे. दात तासून घ्यायला मी नकार दिला, ते मजबूत आहेत आणि मला त्यांनीच खायचं आहे. पण विशी-पंचविशीतल्या मुलीला व्हिनिअर बसवून घ्यावेसे वाटले तर "रूपाचं काय एवढं" असं तिला कुणी ऐकवू नये. फक्त कामाला हात लावायच्या आधी तिने डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: दात किती तासणार, आणि आधी काही महिने ब्लीचिंग करून बघता येईल का.