पायलट व्हॉल्व्हमध्ये प्रेशरच झाकण दाबून धरतं

सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे प्रेशर फार वाढलं की आपोआप उघडून ते बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. त्यातल्या स्प्रिंगवाल्याचा त्रास प्लांटमधल्या सगळ्यांना माहितीये, प्रेशर सेट पॉइंटजवळ (ज्या प्रेशरला तो उघडायचा तिथे) गेलं की सीटवरचा, म्हणजे झाकण टेकतं त्या कडेवरचा, जोर कमी होत जातो आणि तो फुसफुसायला लागतो. पायलटवाल्यात हे बरोब्बर उलटं चालतं, आणि मला ते खरंच फार आवडतं. लाइनमधलंच प्रेशर बारीक ट्यूबने पिस्टनच्या (म्हणजे झाकणाच्या) डोक्यावर, डोम नावाच्या पोकळीत नेतात, तिथला एरिया सीटपेक्षा मोठा, त्यामुळे वर-खाली प्रेशर सारखं असलं तरी जोर खालीच लागतो आणि प्रेशर वाढेल तसा व्हॉल्व्ह अजून घट्ट बसतो. सेट पॉइंट आला की पायलट, म्हणजे प्रेशरवर नजर ठेवणारा छोटा व्हॉल्व्ह, डोम रिकामा करतो, पिस्टन वर, झालं मोकळं! फक्त ती ट्यूब चिकट मालाने चोकअप झाली तर पायलटला खरं प्रेशर कळतच नाही, म्हणून लाइनमधला माल स्वच्छ हवा.

बॅकप्रेशर रेग्युलेटर याचाच भाऊ, पण तो आधीच्या बाजूचं प्रेशर धरून ठेवायला दिवसभर थोडा थोडा उघडत-मिटत राहतो. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी तो लावू नका, प्लीज.

आणि २८ मार्च १९७९, अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्र. तिथला पायलटवाला रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि उघडाच अडकला, पॅनेलवरचा दिवा मात्र विझलेला, कारण तो फक्त सोलेनॉइडचा (पायलट उघडणाऱ्या विजेच्या कॉइलचा) करंट बंद झाल्याचं सांगत होता, व्हॉल्व्ह खरंच मिटलाय का ते नाही. त्याच लाइनवरचा ब्लॉक व्हॉल्व्ह, म्हणजे लाइनच बंद करणारा दुसरा व्हॉल्व्ह, बंद होईपर्यंत दोन तासांपेक्षा जास्त वेळ रिअ‍ॅक्टरचं पाणी बाहेर जात राहिलं.