चार कमी सातशे

आठ शतकांपूर्वीच्या एका कवीने दिलेला जहाजांचा आकडा माझ्या डोक्यातून काही केल्या जात नाही. जर्सी बेटावर जन्मलेला आणि लहानपणीच फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या कां शहरी शिकायला गेलेला वास (नावाला इलाज नाही) हा पाद्री. त्याने ११६० च्या सुमारास ‘रोमां द रू’ हे नॉर्मन ड्यूकांच्या घराण्याचे काव्य, लॅटिन बाजूला ठेवून, लोकांच्या फ्रेंचमध्ये यमके जुळवत रचायला घेतले. रू म्हणजे मूळपुरुष रोलो. काव्याचा गाभा मात्र त्याचा वंशज विल्यम याने १०६६ मध्ये इंग्लंड जिंकले, तो प्रसंग.

विल्यमचे आरमार सेंट-व्हॅलेरीहून निघाले तेव्हा जहाजे किती होती? वास म्हणतो, मी पोरगा असताना वडिलांच्या तोंडून ऐकले आहे आणि मला चांगले आठवते, की मोठी जहाजे, होड्या आणि शस्त्रे-सामान वाहणाऱ्या डोंग्या मिळून ती चार कमी सातशे होती. लगेच तो हेही नोंदवतो, की लेखी मला तीन हजार सापडतात. खरे-खोटे मी सांगू शकत नाही, असेही तो म्हणतो.

सहाशे शहाण्णव नव्हे, चार कमी सातशे. एकोणीस, एकोणतीस असे उणे धरून मोजणाऱ्या आपल्या कानाला ही रीत ओळखीची वाटते. नुसते सातशे म्हटले असते तर ती गावगप्पा ठरली असती. पण त्या उण्या चारांमुळे कुणीतरी किनाऱ्यावर उभे राहून बोटे मोडत मोजले असावे, असा भास होतो. वास्तविक वासच्या जन्माआधीच त्या मोहिमेला काही दशके लोटली होती, तेव्हा वडिलांनीही तो आकडा बहुधा ऐकलेलाच असणार. पानशेतच्या पुरात, १९६१ साली, पाणी आमच्या वाड्याच्या अकराव्या पायरीपर्यंत चढले आणि बारावी कोरडी राहिली, असे माझे वडील सांगत. पुढे वाडा पडला, पायऱ्या मोजायला उरल्या नाहीत, तरी घरात कुणी दहावी म्हटले तर मी अजून दुरुस्ती करतो.

गंमत अशी, की वास भोळा मुळीच नव्हता. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातल्या ब्रोसेलियांदच्या अरण्यात पऱ्या दिसतात आणि बारांतोनच्या झऱ्याचे पाणी शिळेवर ओतले की पाऊस येतो, असे ऐकून हा गृहस्थ खात्री करायला स्वतः तिकडे गेला, अरण्य धुंडाळले, काही सापडले नाही, आणि ‘मूर्खासारखा गेलो, मूर्खासारखा परतलो’ अशी कबुली त्याने याच काव्यात देऊन ठेवली. पऱ्यांची शहानिशा करणाऱ्या या माणसाने वडिलांचा आकडा मात्र, तीन हजारांचा लेखी दाखला हाताशी असूनही, पुसला नाही. दोन्ही शेजारीशेजारी मांडले आणि वडिलांना आधी बसवले.

इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याने वासला नॉर्मंडीतल्या बायोच्या कॅथेड्रलमध्ये उपजीविकेची सोय करून दिली खरी, पण पुढे ड्यूकांची कथा लिहिण्याचे तेच काम बनुआ नावाच्या दुसऱ्या कवीकडे सोपवले. हजारो ओळी लिहून झाल्यावर असे झाल्याने वासने ११०६ च्या तँशब्रेच्या लढाईशी कथा आणून लेखणी ठेवली, आणि जाताना एवढेच लिहिले, की गुरुजी वासचा ग्रंथ इथे संपला; पुढचे ज्याला करायचे असेल त्याने करावे.