दुसऱ्या रात्रीचा आकडा : सिंगापूरमधील पहिलीच्या प्रवेशाचा माझा अनुभव

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज सकाळी ज्या सरकारी शाळेचे राष्ट्रगीत ऐकू येते, त्या शाळेत २०२३ साली आमच्या मुलाला पहिलीचा प्रवेश मिळाला नाही. आमची इमारत त्या शाळेपासून सहाशे मीटरवरसुद्धा नाही, आणि केवळ तेवढ्यासाठी आदल्या वर्षी आम्ही दरमहा तीनशे डॉलर जास्त भाडे मोजून या घरात राहायला आलो होतो. सिंगापूरमध्ये पीआर, म्हणजे कायम रहिवासी, असलेल्या मराठी पालकांसाठी मी हे लिहीत आहे, कारण ज्या गोष्टीत आम्ही फसलो ती नियमांत स्पष्ट लिहिलेली होती आणि दोनदा वाचूनही आम्हाला ती उमगली नव्हती.

इथली पहिलीची नोंदणी जुलैपासून टप्प्याटप्प्याने होते. ज्यांची भावंडे त्याच शाळेत शिकत आहेत अशा मुलांचा क्रमांक पहिला. त्यानंतर माजी विद्यार्थ्यांची मुले, मग शाळेत स्वयंसेवा केलेल्या पालकांची मुले, आणि ज्यांचा शाळेशी काहीच संबंध नाही अशा आमच्यासारख्यांसाठी ‘टू-सी’ हा टप्पा असतो. २०२२ पासून प्रत्येक शाळेत या टप्प्यासाठी किमान ४० जागा राखल्या जातात. त्यापूर्वी त्या २० होत्या. एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आलेल्यांची मुले परदेशी विद्यार्थी म्हणून सगळ्यांत शेवटच्या टप्प्यात धरली जातात. त्यांना आधी केवळ इच्छा नोंदवावी लागते, आणि जागा मिळेलच याची हमी कोणीही देत नाही.

आता ती गोष्ट. आम्ही समजत होतो की एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना आधी प्रवेश मिळतो. ते खरे आहे, पण अर्धेच खरे आहे. एखाद्या शाळेत जागांपेक्षा अर्ज जास्त झाले, तर अंतराच्या आधी नागरिकत्व पाहिले जाते. एक किलोमीटरच्या आतले नागरिक, मग एक ते दोन किलोमीटरमधले नागरिक, मग दोन किलोमीटरच्या पलीकडचे नागरिक, आणि हे सगळे संपल्यावर शाळेच्या फाटकासमोर राहणारा पीआर. २०१० मध्ये नागरिकांच्या मुलांना सोडतीत एकाऐवजी दोन चिठ्ठ्या मिळू लागल्या होत्या, तेव्हा निदान पीआरची एक चिठ्ठी तरी त्याच डब्यात पडत असे. २०१२ पासून नागरिकांना पूर्ण अग्रक्रम मिळाला आणि आपली चिठ्ठी त्या डब्यात पडणेच थांबले. महाराष्ट्रात आरटीईच्या सोडतीत माझ्या बहिणीने एक किलोमीटर आणि तीन किलोमीटरचा हिशेब केला होता, त्यामुळे अंतर म्हणजे सर्वस्व अशी माझी पक्की समजूत झाली होती.

टू-सीचे ते तीन दिवस मी कधीच विसरणार नाही. पहिल्या दिवशी सकाळीच सिंगपासने, म्हणजे इथल्या सरकारी ऑनलाइन ओळखीने, लॉग-इन करून आम्ही अर्ज भरला. पाच मिनिटांचे काम होते. या नोंदणीत आधी येणाऱ्याला काही फायदा नसतो. तीन दिवसांत केव्हाही भरलेला अर्ज सारखाच मानला जातो. आमच्या शाळेत टू-सीसाठी ५१ जागा होत्या. त्या रात्री संकेतस्थळावर अर्जांचा आकडा आला, १९. दुसऱ्या रात्री तो ३४ झाला.

या दुसऱ्या रात्रीविषयी मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण सगळा निर्णय तिथेच होता. एका टप्प्यात एकाच शाळेत अर्ज करता येतो, पण मुदत संपण्यापूर्वी तो मागे घेऊन दुसऱ्या शाळेत भरता येतो. आमच्या घरापासून सव्वा किलोमीटरवर दुसरी एक शाळा होती, तिथे ७० जागांसाठी त्या रात्री अवघे २८ अर्ज होते. मुलगा झोपल्यावर आम्ही दोघे जेवणाच्या टेबलावर बसलो. नवरा म्हणाला, “अगं, ५१ जागा आणि ३४ अर्ज आहेत. एका दिवसात आणखी किती येणार?” मी वहीच्या मागच्या पानावर मागच्या वर्षांचे आकडे उतरवून घेतले होते आणि त्यांत शेवटच्या दिवशी अर्ज जवळजवळ दुप्पट झालेले दिसत होते. पण त्या ३४ जणांत नागरिक किती आणि पीआर किती, हे मला कुठेच दिसत नव्हते. माझ्यासमोर एकच बेरीज होती. त्यांतले तीस नागरिक असतील, तर मी रांगेत त्या तिसांच्याही मागे होते आणि दुसऱ्या दिवशी येणारा प्रत्येक नागरिक, मग तो बेडोकला राहत असो की वुडलँड्सला, माझ्या पुढे जाऊन उभा राहणार होता. हा फरक त्या रात्री माझ्या नीट लक्षात आला असता, तर मी तेव्हाच अर्ज मागे घेतला असता.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या कार्यालयात फोन केला. पलीकडच्या बाई अतिशय सौजन्याने म्हणाल्या की अजून जागा आहेत, काळजी करू नका. मी पीआर असल्याचे त्यांना सांगितले होते. त्यांनी तोच एकूण आकडा पाहून उत्तर दिले असणार, हे मला नंतर कळले. त्यांच्या त्या एका वाक्यावर विसंबून आम्ही अर्ज तसाच ठेवला, याचा राग माझ्या मनातून अजूनही गेलेला नाही. सरकारी कार्यालयातून फोनवर मिळालेला दिलासा म्हणजे माहिती नव्हे. या कामात तरी तो तसा मानू नका.

त्या रात्री अंतिम आकडा आला, ६३. ऑगस्टमध्ये निकालाच्या तक्त्यात आमच्या शाळेपुढे लिहिले होते की सोडत एक ते दोन किलोमीटरमधल्या नागरिकांमध्ये झाली. म्हणजे दोन किलोमीटरपलीकडच्या नागरिकांपर्यंतही जागा पोहोचल्या नाहीत, मग आमचा प्रश्नच आला नाही. आमच्या मुलाचे नाव सोडतीत गेलेच नव्हते. सोडतीत हरलो असतो तर नशीब म्हणून सोडून दिले असते. पण फाटकाजवळ राहून नाव चिठ्ठीवरही येऊ नये, हे स्वीकारायला मला बरेच दिवस लागले.

नागरिकांना आधी जागा मिळाव्यात याला माझा विरोध नाही. शाळा त्यांच्या करांतून आणि त्यांच्या मुलांसाठी उभ्या राहिल्या आहेत, आणि आपल्याकडे कुणी स्थानिकांना मागे ठेवले तर आपणही ते सहन करणार नाही. फीमध्येही हा फरक आहे; नागरिकांना दरमहा किरकोळ शुल्क भरावे लागते, तर आम्ही दोनशे डॉलरांहून अधिक भरतो, आणि तेही मला मान्य आहे. मात्र आमच्या मुलाला अठराव्या वर्षानंतर इथली राष्ट्रीय सेवा करावी लागणार आहे, हे त्या दिवसांत सारखे मनात येत होते आणि ते लपवावे असे मला वाटत नाही. माझे मागणे इतकेच आहे की रोज रात्री जो आकडा दाखवतात तो नागरिक आणि पीआर असा वेगळा दाखवावा. तेवढ्याने कुणाची जागा जाणार नाही, आणि शेकडो पालक योग्य वेळी दुसऱ्या शाळेकडे वळू शकतील.

त्यानंतर टू-सीची पुरवणी फेरी झाली. सव्वा किलोमीटरवरच्या शाळेतल्या जागा तोपर्यंत भरून गेल्या होत्या. शिल्लक जागांच्या यादीतून आम्ही तीन किलोमीटरवरची शाळा निवडली आणि ती मिळाली. शाळा उत्तम आहे, बाई प्रेमळ आहेत, मुलगा रमला आहे. फक्त त्याची बस सकाळी साडेसहाला इमारतीखाली येते आणि ती आमच्या जवळच्या शाळेच्या फाटकावरूनच जाते.

आता जे जे आठवते ते सांगते. मागच्या तीन-चार वर्षांचे निकालाचे तक्ते पाहा आणि सोडत कोणत्या गटात झाली तेवढेच वाचा. तिथे सतत ‘नागरिक’ असे दिसत असेल तर ती शाळा आपल्यासाठी नाही, मग घर कितीही जवळ असो. काही शाळांमध्ये पीआर मुलांच्या संख्येवर सुमारे २५ ते ३० टक्क्यांची मर्यादाही आहे, त्यामुळे भारतीय वस्ती दाट असलेल्या भागात तीही विचारून घ्या. अंतर अंदाजाने मोजू नका, वनमॅप या सरकारी ऑनलाइन नकाशावर आपल्या इमारतीचा पत्ता घालून पाहा. अंतराच्या जोरावर प्रवेश मिळाला तर त्या पत्त्यावर ३० महिने राहावे लागते, म्हणून भाडेकरार करताना घरमालकाशी आधीच बोला. पालक स्वयंसेवक व्हायचे असेल तर आदल्या वर्षीच नाव नोंदवून ४० तास काम करावे लागते, आणि आम्हाला हे कळले तेव्हा ती मुदत उलटून गेली होती. भारतात झालेल्या लसीकरणाची पुस्तिका, विशेषतः गोवर आणि घटसर्पाच्या नोंदी, जूनमध्येच शोधून ठेवा; आमची पुण्याला आईच्या कपाटात निघाली. मातृभाषेच्या विषयांत हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी आणि उर्दू आहेत, मराठी नाही, त्यामुळे बहुतेक मराठी घरांप्रमाणे आम्हीही हिंदी घेतली आणि मराठी घरी चालू ठेवली आहे.

आणि निकाल हातात येईपर्यंत मुलाला कोणत्याही शाळेचे फाटक ‘ही तुझी शाळा’ म्हणून दाखवू नका. आम्ही वर्षभर ते दाखवत होतो. ऑगस्टमधल्या त्या संध्याकाळी बालवाडीतून परत येताना त्याने नेहमीप्रमाणे त्या गजांना हात लावला आणि मला विचारले, “आई, माझा वर्ग कोणता?”