बिझेच्या मागावर पॅरिसमध्ये

पॅरिसमध्ये ऑपेरा म्हटलं की सगळे पालॅ गार्निएकडे धावतात. फ्रेंच संगीतकार जॉर्ज बिझेसाठी जाणार असाल तर तिथलं तिकीट सरळ वाचवा. तो सोनेरी महाल जानेवारी १८७५ मध्ये उघडला खरा, पण ३ मार्चला बिझेच्या 'कारमेन' या ऑपेराचा पहिला प्रयोग झाला तो जवळच्याच ऑपेरा-कॉमिक थिएटरमध्ये. रिशलिय-द्रुओ मेट्रोला उतरा, पाच मिनिटांत पोचाल.

इथला मामला आपल्या संगीत नाटकासारखा: गद्य संवाद, मधेमधे गाणी. प्रेक्षक घरंदाज, मुलामुलींची स्थळंसुद्धा इथल्या बॉक्समध्ये बसून पाहिली जायची. अशा ठिकाणी सिगारेटच्या कारखान्यातली बाई भर रंगमंचावर भोसकली जाणार म्हटल्यावर संचालक धास्तावले नसते तरच नवल. त्यांच्यातल्या एकाने पुढे पदच सोडलं. जुनं थिएटर १८८७ मध्ये जळालं, आताची इमारत १८९८ची, पण जागा तीच. वरच्या मजल्यावरची स्वस्त तिकिटं काढताना नीट पाहून घ्या, काही खुर्च्यांवरून अर्धाच रंगमंच दिसतो.

तिथून चढाच्या रस्त्याने रू द ला तूर दोव्हेर्न गाठा. १८३८ मध्ये बिझे याच गल्लीत जन्मला. दहावं वर्ष पुरं व्हायच्या आत कॉन्झर्व्हातुआर या संगीतविद्यालयात प्रवेश, १८५७ मध्ये 'प्री द रोम' हा मानाचा पुरस्कार, आणि चोविसाव्या वर्षी 'मोती वेचणारे' हा ऑपेरा. सिलोनच्या किनाऱ्यावर लैला नावाची ब्रह्मदेवाची पुजारीण! हसू येतं, पण त्यातलं दोन मित्रांचं युगुलगीत ऐकलं की सगळं माफ.

पेर-लाशेझ दफनभूमीला त्याच नावाच्या स्टेशनवरून जाऊ नका, सगळा चढ आहे. गाँबेताला उतरा आणि खाली चालत या. प्रवेश फुकट. बिझेचं थडगं विभाग ६८ मध्ये शोधा. फाटकावरच्या नकाशाचा फोटो काढून ठेवला तर पायपीट वाचते. थडग्याचा आराखडा गार्निएचा, म्हणजे त्या महालाच्या वास्तुकाराचा. वरचा अर्धपुतळा २००६ मध्ये चोरीला गेला होता, पुढे सापडला.

वेळ असेल तर सीन नदीकाठच्या बूजिवाल गावाला जा. ला देफॉन्सहून बस मिळते. ३ जून १८७५ रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, बिझे तिथल्या घरात हृदयविकाराने गेला. 'कारमेन' पडलं, याच समजुतीत. ऑक्टोबरात व्हिएन्नाने ते डोक्यावर घेतलं. घर आतून पाहता येईल का, हे निघण्याआधी विचारून घ्या. नाहीतर टेकडीवर रशियन लेखक तुर्गेनेवचं लाकडी घर आहे, तेही तारीख-वेळ बघूनच.